सतरा दिवसांची जाडी

माणूस गेल्यावर त्याच्याविषयी चांगलंच बोलावं, अशी आपल्याकडे रीत आहे. सरांच्या शोकसभेत ती सगळ्यांनी पाळली. विभागाच्या मोठ्या वर्गात फोटोला हार घातला होता, आणि एकेक जण उठून सर किती ऋषितुल्य होते, किती निःस्पृह होते, हे सांगत होता. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. शेजारी मोहोळकरबाई होत्या. 'ऋषितुल्य' तिसऱ्यांदा झालं तेव्हा बाई माझ्या कानाशी वाकून म्हणाल्या, "यातला एक तरी त्यांच्या हाताखाली होता का गं?" नव्हता. हाताखाली आम्ही दोघीच होतो, आणि आम्हाला कुणी बोलायला बोलावलं नव्हतं. तेही बरंच झालं. मी उठले असते तर खरं बोलले असते, आणि खरं एवढंच की त्या माणसानं मला साडेपाच वर्षं सळो की पळो करून सोडलं.

आमचं काम काय होतं ते आधी सांगते, म्हणजे माझा त्रास कळेल. परदेशातल्या एका अवाढव्य यंत्रात अणूंचे जड गाभे जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं पळवतात आणि काचेवर थापलेल्या इमल्शनच्या थरात सोडतात. इमल्शन म्हणजे पूर्वी फोटोच्या फिल्मवर असायचा तोच जिलेटिनचा थर, फक्त पुष्कळ जाड. आत घुसलेला गाभा तिथल्या एखाद्या गाभ्यावर आदळतो, फुटतो, आणि प्रत्येक तुकडा जाता जाता काळ्या ठिपक्यांची रेघ मागे ठेवून जातो. प्लेट धुतली की मायक्रोस्कोपखाली ती टक्कर दिसते, एका बिंदूतून फुटलेल्या रेघा. त्याला आम्ही 'स्टार' म्हणायचो. काही रेघा जाड आणि आखूड असतात, त्या कुठेही जातात. काही मात्र एका बारीक जुडीसारख्या सरळ पुढे गेलेल्या असतात. आमचा संबंध त्या पुढे गेलेल्यांशी.

सर ते असं समजावून सांगायचे. दोन गाभे क्वचितच समोरासमोर आदळतात. बहुतेक वेळा कडेनं घासतात. जेवढा भाग मध्ये सापडला तेवढ्याचा चुराडा होतो, आणि उरलेला भाग त्याच दिशेनं, त्याच वेगानं पुढे निघून जातो, जाता जाता त्याचे तुकडे होतात. शास्त्रात त्याला प्रेक्षक म्हणतात. "भांडणाशी ज्यांचा संबंध नव्हता, ते," सर म्हणायचे. "आपल्याला तेवढेच मोजायचे आहेत. भांडणाऱ्यांकडे बघायला जग पडलंय."

तर ते तुकडे किती, कोणत्या जातीचे, आणि किती कोनात गेले, हे मायक्रोस्कोपला डोळा लावून मोजणं म्हणजे माझी पीएचडी. जगात इतरत्र हे काम आता यंत्रं करतात. प्लेट ठेवायची, बटण दाबायचं, कॉफी प्यायला जायचं. आमच्या प्लेटा मी जन्मायच्या आधी लाकडी खोक्यातून आल्या होत्या, आणि त्या डोळ्यांनीच बघायच्या असं सरांनी ठरवलेलं होतं. माझी एक मैत्रीण हिंजवडीला नोकरीला होती. ती एकदा खोली बघायला आली आणि म्हणाली, "अगं, हे सगळं मॅन्युअली? सीरियसली? यू नीड हेल्प, यार." सरांनी मान वर न करता विचारलं, "येताय का मदतीला? डोळे कसे आहेत?" ती पुन्हा आली नाही.

खोली पहिल्या मजल्याच्या टोकाला होती. खिडक्यांना काळा कागद, आणि पंखा नाही, कारण पंख्यानं धूळ उडते. पुण्याची हवा चांगली असं ज्यांना वाटतं त्यांनी एप्रिलात दुपारी दोन ते चार त्या खोलीत बसून दाखवावं. पावडर लावून यायचं नाही, तिचे कण प्लेटवर बसतात. अत्तर नाही. गजरा नाही. डबा खोलीत उघडायचा नाही. सर स्वतः रोज जिन्याच्या कठड्यापाशी उभं राहून पोळी आणि मटकीची उसळ खायचे, मग साबणानं हात धुवायचे, ते वाळेपर्यंत हवेत धरून उभे राहायचे. त्या अवस्थेत ते कुणाशी बोलत नसत. नवे विद्यार्थी त्यांना नमस्कार करायला जात आणि ओशाळून परत येत. भिंगावरचं तेल पुसायला बाजारात खास कागद मिळतो. आम्ही सरांच्या घरून आलेल्या जुन्या धोतराचे तुकडे वापरायचो. ते बिबवेवाडीहून दर सोमवारी धुऊन, इस्त्री करून येत. इस्त्री कशाला, असं मी एकदा विचारलं. "घडी मोडली की धूळ बसते," ते म्हणाले.

दर तासाला पाच मिनिटं बाहेर व्हरांड्यात जाऊन समोरच्या झाडाकडे बघायचं, हा दुसरा नियम. डोळ्याला लांबचं दिसायला हवं म्हणून. सर दारातून बघत असत आपण खरंच बघतोय की मोबाइल काढलाय. त्यामुळे मी आणि मोहोळकरबाई दिवसातून सात वेळा कठड्याला टेकून गप्प झाडाकडे बघत उभ्या राहायचो. विभागात आम्हाला शिक्षा झालीये असाच समज होता, आणि तो काही फारसा चुकीचा नव्हता.

मोहोळकरबाई म्हणजे आमच्या स्कॅनर. शिक्षण बारावी. लग्नानंतर दोन वर्षांनी इथं चिकटल्या त्या तीस वर्षं प्लेटा बघत होत्या. गाभा म्हणजे काय हे त्यांना कुणी कधी शिकवलं नव्हतं, पण रेघ बघून तुकडा कसला आहे हे त्या माझ्याआधी सांगायच्या, आणि चुकायच्या नाहीत. सर विभागप्रमुखांचं ऐकत नसत, बाईंचं ऐकत. बाई मात्र त्यांचं कौतुक कधी करत नसत. "माणूस सरळ आहे गं," त्या म्हणायच्या, "पण इतका सरळ की कुठल्या दारातून आत घ्यावा कळत नाही."

बाईंच्या मुलाच्या लग्नाचा किस्सा त्या अजून सांगतात. पत्रिकेत मुहूर्त अकरा वाजून सत्तेचाळीस मिनिटांचा होता. सर अकरा सत्तेचाळीसला कार्यालयाच्या दारात. आत मुलीकडच्यांचा कसलातरी घोळ चाललेला, अंतरपाट धरायचा पत्ता नाही. सर घड्याळाकडे बघत उभे राहिले, पाच मिनिटांनी बाईंच्या यजमानांच्या हातात पाकीट दिलं, "मुहूर्त होऊन गेला, शुभेच्छा," म्हणाले आणि निघून गेले. तिकडे अक्षता पडायच्या होत्या. बाईंचे यजमान आठ दिवस धुमसत होते. बाईंनी सोमवारी खोलीत आल्यावर जाब विचारला, तर सर म्हणाले, "बाई, वेळ तुम्ही छापली होती."

त्यांच्यासमोर 'साधारण' हा शब्द वापरायची सोय नव्हती. साधारण वीस रेघा म्हटलं की ते पेन्सिल खाली ठेवायचे. "साधारण वीस म्हणजे? किती वेळा वीस आल्या, किती वेळा नाही?" ही सवय बाहेरही सुटत नसे. एकदा आम्हाला एका कॉन्फरन्सला जायचं होतं म्हणून स्वारगेटपर्यंत रिक्षा केली. किती वेळ लागेल, असं सरांनी विचारलं. रिक्षावाला म्हणाला, दहा मिनिटं. "दहा म्हणजे आठ की बारा?" रिक्षावाल्यानं आरशातून त्यांच्याकडे बघितलं. "काका, तुम्ही चालत या. मी बॅग घेऊन पुढं जातो." सरांना यात चेष्टा आहे हे कळलंच नाही. ते बॅगेच्या बाबतीत गंभीरपणे नको म्हणाले. मी रस्त्याकडे तोंड करून बसले.

आता जाडीचं सांगते, कारण सगळं घोडं तिथे पेंड खातं. इमल्शनची प्लेट धुतली की तिचा थर आक्रसतो, निम्म्याहून पातळ होतो. त्यामुळे रेघ किती खोल गेली हे मोजताना मूळ जाडी आणि आजची जाडी यांचा हिशेब धरावा लागतो, नाहीतर कोन चुकतो. आणि आजची जाडी म्हणजे खरोखर आजची, कारण जिलेटिन हवेतलं पाणी पितं. पावसाळ्यात थर फुगतो, उन्हाळ्यात बसतो. म्हणून रोज सकाळी पहिलं काम म्हणजे प्लेटच्या वरच्या पृष्ठभागावर फोकस करायचं, मग तळाच्या काचेवर, दोन आकड्यांची वजाबाकी करायची आणि निळ्या बांधणीच्या रजिस्टरात तारखेसमोर लिहायची. दहा मिनिटांचं काम. मी चार वर्षं ते रोज केलं. फरक पडायचा तो इतका क्षुल्लक की हसू यावं.

पाचव्या वर्षी जुलैत मी ते सोडलं. कुणी आजारी नव्हतं, घरात काही घडलं नव्हतं, उगाच कारण कशाला जोडू? कंटाळा आला होता. विश्रांतवाडीहून दोन बस बदलून, ओल्या छत्रीचं पाणी सलवारीवर घेऊन पोचायचं, आणि गेल्यागेल्या तोच आकडा पुन्हा लिहायचा. एका सकाळी मी आदल्या दिवसाच्या आकड्याखाली 'वरीलप्रमाणे' म्हणून दोन उभ्या रेघा मारल्या आणि थेट स्टार मोजायला घेतला. आभाळ कोसळलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन रेघा. असे सतरा दिवस. अठराव्या दिवशी माझं मलाच कसंतरी वाटलं आणि मी परत मोजायला लागले. कुणाला सांगितलं नाही. पुढे विसरूनही गेले.

जानेवारीत थिसिस लिहून झाला. त्याच आठवड्यात पपांनी वर्तमानपत्रातली जाहिरात कापून माझ्यापुढे ठेवली. शहरातल्याच एका कॉलेजात भौतिकशास्त्राची एक जागा निघाली होती. कायम स्वरूपाची. ज्यांनी पीएचडी करून तासिका तत्त्वावर दोन-तीन कॉलेजांत पळापळ केली आहे त्यांना 'कायम' या शब्दाचं मोल वेगळं सांगायला नको. माझी फेलोशिप संपलेली होती. अट एकच, अर्जासोबत थिसिस सादर केल्याचा दाखला हवा, आणि अर्जाची मुदत बारा दिवसांवर होती. दाखल्यासाठी सरांची सही हवी. सही म्हणजे काय, एका ओळीचं काम, असं मी पपांना सांगितलं. पपा तोवर बुद्धविहारातल्या सगळ्यांना सांगून बसले होते की मुलगी आता डॉक्टर होते आणि कॉलेजात लागते.

सरांनी थिसिस वाचलाच नाही आधी. त्यांनी रजिस्टरं मागितली. पाच वर्षांची पाच रजिस्टरं पुढे घेऊन ते पहिल्या पानापासून बोट फिरवत बसले, आणि मी समोरच्या स्टुलावर. तिसऱ्या दिवशी दुपारी बोट थांबलं.

"हे काय आहे?"

"जाडी, सर."

"जाडी वरच्या ओळीत आहे. या ओळीत दोन रेघा आहेत."

"तीच होती, सर. बदलली नव्हती."

"मोजलीत का?"

त्यांनी बोट खाली खाली नेलं. ओठ हलत होते, ते मोजत होते. "सतरा दिवस," ते म्हणाले. "सतरा दिवसांत स्टार किती?"

अडुसष्ट. दिवसाला चार. कारण दिवसाला चारच मोजायचे, हाही त्यांचाच नियम. पाचवा स्टार डोळा बघत नाही, मन बघतं, असं ते म्हणत.

"हे अडुसष्ट पुन्हा मोजा," ते म्हणाले. "मग सही."

मी आधी शांतपणे सांगितलं. सर, एकूण चार हजार दोनशे स्टार आहेत, त्यातले अडुसष्ट. फरक पडला तर अर्ध्या अंशाच्या आत पडेल. निष्कर्षाला धक्का लागणार नाही. "मग मोजून दाखवा," सर म्हणाले. मी म्हटलं, अर्जाची मुदत नऊ दिवसांवर आली आहे. दिवसाला आठ मोजते, नऊ दिवसांत होतील. "चार," सर म्हणाले. मोहोळकरबाई मध्ये पडल्या. "अहो सर, निम्मे मी मोजते. पोरीची नोकरी आहे." सर म्हणाले, "बाई, डोळा बदलला की माप बदलतं. हे तुम्हीच मला शिकवलंत." मग मी म्हटलं, ते अडुसष्ट काढूनच टाकू या का, बाकीच्यांवर थिसिस उभा राहतो. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी स्वयंपाकघरात चपला घालून आले होते.

सतरा दिवस हवे होते आणि हातात नऊ होते. चौथीतल्या पोराला कळेल असं गणित. मी विभागप्रमुखांकडे गेले. ते भले गृहस्थ. ते स्वतः उठून सरांकडे आले, दार लावून पंधरा मिनिटं बोलले आणि घाम पुसत बाहेर आले. "सही करायला ते तयार आहेत," ते मला म्हणाले. मी हात जोडणार एवढ्यात ते पुढे म्हणाले, "पण सहीच्या वर एक ओळ लिहिणार म्हणतात. अडुसष्ट घटनांच्या वेळी जाडी मोजलेली नाही, अशी. आता अशी ओळ असलेला थिसिस परीक्षकाकडे पाठवायचा म्हणजे…" त्यांनी वाक्य अर्धवट सोडलं. सरांनी दारातून विचारलं, "खोटी तर नाही ना ती ओळ?"

त्या दिवशी मी घरी कशी पोचले ते आठवत नाही. बसमध्ये रडले असणार, कारण एका बाईनं मला खिडकीची जागा दिली. पपांना सगळं सांगितलं. मला वाटलं ते भडकतील, सरांना भेटायला येतो म्हणतील. पपांची सगळी हयात सरकारी कचेरीत आवक-जावक रजिस्टरात गेली होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "रेघा मारल्यास?"

"हो. पण पपा, आकडा तोच होता."

"तो प्रश्न नाही." मग म्हणाले, "मी नोकरीला लागलो तेव्हा माझ्या टेबलाशेजारचे दोघे रोज संध्याकाळी माझं रजिस्टर चाळून बघायचे. चूक सापडते का म्हणून. आपल्या लोकांना काम जमत नाही, हे त्यांना सिद्ध करायचं होतं. बत्तीस वर्षांत मी एक रकाना मोकळा सोडला नाही. 'वरीलप्रमाणे' कधी लिहिलं नाही. वरीलप्रमाणे असलं तरी पूर्ण लिहायचो." त्यांनी जाहिरातीचा कागद उचलून घडी घातली. "मोज मग," म्हणाले. आई आतून म्हणाली, "अहो, नोकरी जाईल तिची." पपा म्हणाले, "जाईल." मला त्या क्षणी पपांचाही राग आला. माझ्या बाजूनं या जगात कुणी आहे की नाही, असं वाटलं.

मी मोजले. दिवसाला चार. सकाळी आधी जाडी, मग स्टार, दर तासाला व्हरांड्यात जाऊन झाड. मी सरांशी कामापुरतं बोलत होते. ते त्यांच्या लक्षात आलं असेल असं वाटत नाही, कारण ते कायमच कामापुरतं बोलायचे. नवव्या दिवशी अर्जाची मुदत संपली. मी दाखल्याशिवायच अर्ज पाठवून दिला, आणि तो अपुरा म्हणून बाजूला पडणार हे मला ठाऊक होतं. तसाच पडला. सतराव्या दिवशी संध्याकाळी मी जुने आणि नवे कोन शेजारी शेजारी मांडून सरांपुढे ठेवले. एकाही स्टारमध्ये नाव घेण्याजोगा फरक नव्हता. निष्कर्षातलं एक अक्षर बदललं नाही.

सरांनी सगळे अडुसष्ट ताडून बघितले. चेहरा खुलला. खरंच खुलला, लहान मुलासारखा. "छान," ते म्हणाले.

"काय छान, सर?" माझा आवाज चढला होता. "आधीही हेच होतं. मी सांगितलं होतं तुम्हाला. फरक पडणारच नव्हता, कारण बाई पावसाळ्यात रोज सकाळी प्लेटांच्या डब्यातले ते निळे मणी भाजून ठेवतात. ते ओल शोषून घेतात. प्लेटा कोरड्याच होत्या."

"हो. बाई मणी भाजतात हे मला माहीत आहे."

"मग?"

"मणी कोरडे होते हे माहीत होतं. प्लेट कोरडी होती हे आपल्याला माहीत नव्हतं. वाटत होतं."

"सर, माझी नोकरी गेली."

त्यांनी चष्मा काढला. धोतराच्या तुकड्यानं पुसला. "हो," ते म्हणाले. "माझ्यामुळे गेली." आणि चष्मा लावून थिसिसवर सही केली. एवढंच. सॉरी नाही, पुढे बघू नाही, तुमच्यासाठी कुठे शब्द टाकतो असंही नाही. मी पेन हिसकावून घेतल्यासारखं घेतलं आणि दाखला करायला निघाले. त्या दाखल्याचा आता काही उपयोग नव्हता.

पुढचं वर्ष मी दोन कॉलेजांत तासिका तत्त्वावर शिकवत काढलं. तोंडी परीक्षा झाली, पदवी मिळाली, विहारात सत्कार झाला. भेटेल त्याला मी सरांची गोष्ट सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, उत्तर तेच आलं हो, फुकट वर्ष गेलं माझं. लोक हळहळायचे. बरं वाटायचं. वर्षानं त्याच कॉलेजात दुसरी जागा निघाली. या वेळी सगळे कागद पुरे होते. बारा जणांना मुलाखतीला बोलावलं होतं.

टेबलापलीकडे चौघे होते. मधोमध प्राचार्या. त्यांनी माझा अर्ज चाळला, गाइडच्या नावाशी थांबल्या आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"हे गृहस्थ मागच्या वर्षी मुलाखतींच्या दिवशी इथं आले होते. माहीत आहे का तुम्हाला?"

मला माहीत नव्हतं.

"बाहेरच्या बाकावर तीन तास बसले होते. मला वाटलं, वशिला लावायला आलेत. आत घेतलं. म्हणाले, अमुक एका बाईंचा अर्ज अपुरा आहे, त्याचं कारण मी आहे, त्या नाहीत. जागा थांबणार नाही हे मला माहीत आहे. फक्त तुमच्याकडे तशी नोंद असावी." प्राचार्या हसल्या. "मी म्हटलं, आलाच आहात तर मुलगी कशी आहे ते तरी सांगा. विचार करत उभे राहिले. मग म्हणाले, सतरा दिवस सोडले तर माझ्यापेक्षा चांगली." त्यांनी अर्ज खाली ठेवला. "तर मला वर्षभर हा प्रश्न पडलाय. ते सतरा दिवस काय आहेत?"

आयुष्यात पहिल्यांदा तो माणूस माझ्यासाठी कुणाच्या दारात जाऊन बसला, आणि तिथेही त्याला ते सतरा दिवस गाळता आले नाहीत. आता मी काय सांगायचं? तब्येत बरी नव्हती म्हणून सुटका झाली असती. चौघांपैकी एकालाही इमल्शनमधलं ओ की ठो कळत नव्हतं. मी सांगितलं. जुलै, कंटाळा, दोन उभ्या रेघा, अडुसष्ट स्टार, पुन्हा मोजणं, सगळं. सांगताना मला माझी नोकरी दुसऱ्यांदा जाताना दिसत होती, पण थांबता येईना.

उजव्या बाजूच्या टकल्या गृहस्थांनी सहानुभूतीनं मान हलवली. "म्हणजे पुन्हा मोजूनही उत्तर तेच आलं. वर्ष फुकटच गेलं की हो तुमचं."

माझंच वाक्य होतं ते. वर्षभर मी ते दारोदार सांगत हिंडले होते. आता फक्त हो म्हणायचं होतं. मी तोंड उघडलं आणि "नाही" म्हणाले. का नाही, असं त्यांनी विचारलं. "उत्तर आधीही तेच होतं, पण आधी ते मला माहीत नव्हतं, नुसतं वाटत होतं," असं त्या चौघांना शांतपणे, एकेक शब्द सुटा करून समजावून सांगणारी बाई मीच होते.

सरांचा इतका राग मला त्याआधी कधी आला नव्हता.